वाचकांचे प्रश्न : तोहोकू एक्स्प्रेसवे, ऐन हिवाळ्यात

प्रश्न : मी टोकियोत नोकरीला आहे. डिसेंबरअखेर आई-बाबांना घेऊन भाड्याच्या गाडीने तोहोकू एक्स्प्रेसवेवरून आओमोरीला जायचा बेत आहे. साधे टायर आणि सोबत बर्फात टायरला लावायची चेन, एवढ्यावर भागेल का?

उत्तर : नाही भागणार. सायतामातल्या कावागुचीपासून आओमोरीपर्यंत हा रस्ता सुमारे 680 किलोमीटरचा आहे. नासु-शिराकावाच्या चढापासून बर्फ कधीही गाठू शकतो आणि मोरिओकाच्या पुढचा हाचिमानताई, काझुनो, इकारिगासेकी हा डोंगरपट्टा तर बर्फाचाच. चेन लावली की वेग ताशी 30 ते 50 किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. कोरड्या डांबरावर ती झिजून तुटते आणि सुटलेलं टोक चाकाभोवतीचा पत्रा फाडतं. अडकलेली गाडी बाहेर काढण्यापुरतीच ती कामाची.

गाडी बुक करतानाच ‘स्टडलेस’ म्हणजे बर्फासाठीचे हिवाळी टायर मागून घ्या आणि ताब्यात घेताना चारही टायर वाकून बघा. खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो, त्याला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. टायर निम्मा झिजला की हा उंचवटा वरच्या पृष्ठभागाला येऊन मिळतो. तो टायर एरवी चालेल, बर्फात नाही. हिवाळी टायरची सक्ती लागू झाली की तपासणारे कर्मचारी हेच बघतात आणि गाडी पुढे सोडत नाहीत.

पुलांवर विशेष जपा. खालूनही वारा लागत असल्याने पूल आधी गोठतो, आणि बर्फाचा पातळ थर नुसत्या ओल्या डांबरासारखा दिसतो. वेग पुलाआधी कमी करा, पुलावर ब्रेक दाबू नका. बोगद्यातून बाहेर पडतानाही तेच.

डिझेल गाडी मिळाली तर टोकियोत टाकी फुल करू नका. टोकियोकडच्या डिझेलमधलं मेण उत्तरेच्या थंडीत गोठतं, फिल्टर चोंदतो आणि सकाळी गाडी सुरूच होत नाही. पोहोचताना टाकी अर्ध्याखाली राहील असा बेत ठेवा आणि थंडीसाठीचं डिझेल उत्तरेतच भरा.

आई-बाबा सोबत आहेत, तर मोरिओकापर्यंत शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) जाऊन गाडी तिथे घेतलेली आम्हाला जास्त पटते.

प्रश्न : एक्झिट चुकला किंवा गाडी बंद पडली तर?

उत्तर : एक्झिट चुकला तर थांबू नका, रिव्हर्स तर अजिबात नको. पुढच्या एक्झिटला, ईटीसी कार्ड (आपोआप टोल कापणारं) असलं तरी, कर्मचाऱ्यांच्या लेनमध्ये जा आणि चूक सांगा. ते परत फिरवून देतात, जादा टोल लागत नाही. ईटीसीच्या लेनमधून गेलात तर तो कापला जाणारच.

गाडी बंद पडली तर कडेला घ्या, हॅझर्ड लाइट लावा, मागे इशाऱ्याचा त्रिकोण ठेवा आणि सगळे गार्डरेलच्या पलीकडे जा. गाडीत बसून राहू नका. मदतीचा फोन दर किलोमीटरला आहे, बोगद्यात दर 200 मीटरला.

प्रश्न : आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो का?

उत्तर : चालतो. भारत रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या जिनिव्हा करारात आहे. जपानमध्ये उतरल्यापासून एक वर्ष किंवा परवान्याची मुदत, जे आधी संपेल तोवर. मूळ लायसन्सही जवळ ठेवा. मात्र तिथले नोंदणीकृत रहिवासी असाल आणि भारतात येऊन तीन महिन्यांच्या आत परतलात, तर नव्या परवान्यावर ते वर्ष नव्याने मोजलं जात नाही. अशांनी जपानी लायसन्सच काढून घ्यावं.