आफ्रिका खंडाला जगाच्या राजकारणात खरंच वजन आलंय का, की तो नुसता चीन-अमेरिकेच्या भांडणाचा आखाडा आहे?

नुसता आखाडा म्हणणं मला अजिबात पटत नाही. मी काजूच्या धंद्यातला माणूस, चंदगड भागात आमचा छोटा प्रक्रिया कारखाना आहे, आणि आफ्रिकेचं राजकारण मी पेपरात वाचायच्या आधी काजू बीच्या भावात बघितलंय, म्हणून तिथूनच सांगतो.

२०१८ च्या ऑक्टोबरात मी खरेदीसाठी टांझानियाच्या दक्षिण टोकाला म्त्वाराला गेलो होतो. तिथे शेतकरी आपला माल सोसायटीमार्फत गोदामात जमा करतात, पावती घेतात, मग खरेदीदारांनी बंद पाकिटात भाव द्यायचे आणि ती पाकिटं शेतकऱ्यांसमोर फोडायची. आम्ही सकाळपासून पोत्यांतून नमुने काढून बी कापून बघत होतो, चांगले गर किती, किडके किती, आऊटटर्न, म्हणजे पोत्यामागे गर किती निघतो, काय बसतो. पाकिटं फुटली, भाव किलोला तीन हजार शिलिंगच्या खाली निघाले, आणि शेतकरी सरळ उठून उभे राहिले, नाही द्यायचा माल. आपल्याकडे बाजार समितीत लिलाव बंद पाडतात ना, डिट्टो तसंच. जगात त्या वर्षी काजूचा भाव पडला होता हे खरं, पण आदल्या हंगामात चांगला पैसा मिळालेल्या माणसाला ते कोण समजावणार.

नंतर नोव्हेंबरात त्यांचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी दोन मंत्री घालवले, सगळं पीक सरकार ३,३०० शिलिंग भावानं घेणार म्हणून जाहीर केलं आणि माल उचलायला चक्क लष्कराच्या गाड्या पाठवल्या. आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. त्या वेळी मला राग आला होता, आज येत नाही. पण पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे: सरकारला एवढा माल विकता आला नाही, मोठा सौदा फिसकटला आणि कित्येक शेतकऱ्यांचे पैसे महिनोन्‌महिने लटकले.

माझ्या मते आजचा आफ्रिका या एका गोष्टीत बराचसा आहे. स्वस्तात देणार नाही हे म्हणायची ताकद आलीय, आणि ते पेलायची यंत्रणा अजून कच्ची आहे.

कारण हे फक्त टांझानियात नाही. बेनिननं २०२४ पासून कच्ची काजू बी बाहेर पाठवणं बंद करायचं ठरवलं, गर आमच्याच कारखान्यात निघू दे म्हणून. झिम्बाब्वेनं २०२२ च्या डिसेंबरात कच्च्या लिथियमची निर्यात थांबवली. बॅटरीला लागणारा कोबाल्ट जगात जेवढा खणला जातो त्यातला निम्म्याहून कितीतरी जास्त एकट्या काँगोतून येतो. पूर्वी हा माल निमूट जायचा, आता विचारतात की प्रक्रिया कुठे करणार ते आधी सांगा. आमच्यासारख्यांना याचा त्रास होतो, आणि आमच्याच कोकणातला शेतकरी आयात बीमुळे आपला भाव पडतो म्हणून ओरडतो, दोन्ही बाजू मला माहीत आहेत, तरी त्यांची मागणी चूक आहे असं मी म्हणू शकत नाही.

दुसरं, मतं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरून युनोत रशियाचा निषेध करणारा ठराव आला तेव्हा आफ्रिकेतल्या ५४ देशांपैकी २८ नी बाजूनं मत दिलं, १७ तटस्थ राहिले, काही आलेच नाहीत, विरोधात फक्त एरिट्रिया. म्हणजे खंड एका बाजूला नाही, प्रत्येकजण आपला हिशोब करतोय. चीनकडून रेल्वे, तुर्कस्तानकडून ड्रोन, आपल्याकडून औषधं, जिथं जमेल तिथून घ्यायचं. आखाड्यातली माती असं करत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकन युनियनला जी-२० चं कायम सदस्यत्व मिळालं, तेव्हा युनियनचे त्या वर्षीचे अध्यक्ष म्हणून खुर्चीवर जाऊन बसले ते कोमोरोसचे अझाली असूमानी, दहा लाखही लोकवस्ती नसलेल्या बेटांचे अध्यक्ष. मला ते बघून फार बरं वाटलं. पण सुरक्षा परिषदेत आजही या खंडाची एकही कायम जागा नाही, दोन जागा आणि व्हेटो पाहिजेत ही मागणी २००५ पासून पडून आहे, आणि हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

आता घरातली बाजू, कारण तिच्याशिवाय उत्तर अर्धवट राहील. माली, बुर्किना फासो, नायजर, तिन्हीकडे लष्करानं सत्ता घेतली, फ्रेंच सैन्य घालवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये इकोवास या प्रादेशिक संघटनेतून बाहेर पडले. फ्रान्सवरचा राग खरा आहे, पण जिहादी हल्ले थांबले नाहीत आणि निवडणुका पुढे ढकलत राहिले. उलट सेनेगलमध्ये २०२४ ला राष्ट्राध्यक्षांनी निवडणूक लांबवायचा प्रयत्न केला तर तिथल्या घटना परिषदेनं, म्हणजे घटनेचे वाद निकाली काढणाऱ्या न्यायालयानं, तो हाणून पाडला आणि मतदानाच्या दहाएक दिवस आधी तुरुंगातून सुटलेला ४४ वर्षांचा विरोधी उमेदवार बासिरू फाय पहिल्याच फेरीत निवडून आला. त्याच वर्षी बोट्सवानात १९६६ पासून सत्तेत असलेला पक्ष हरला आणि गुपचूप पायउतार झाला. म्हणून 'आफ्रिकेत लोकशाही नाही' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठल्या देशात?

टांझानियाबद्दल मात्र वाईट वाटतं. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत विरोधी नेते टुंडू लिस्सू देशद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात होते, त्यांचा पक्ष मतपत्रिकेवर नव्हता, मागुफुलींच्या नंतर आलेल्या राष्ट्राध्यक्ष सामिया हसन यांना ९७ टक्क्यांहून जास्त मतं पडल्याचं जाहीर झालं, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. हंगाम नुकताच सुरू झालेला. म्त्वाराच्या सोसायटीतला एक कारकून अजून माझ्या संपर्कात आहे, लिलावाचे भाव तो मला रोज व्हॉट्सॲपवर टाकतो. मतदानाच्या दिवशी नेट बंद झालं आणि माझे मेसेज नुसते एका टिकवर पडून राहिले. नेट आल्यावर त्याचं उत्तर आलं, आम्ही ठीक आहोत, आणि त्याखाली त्या आठवड्याचे भाव. निवडणुकीबद्दल एक शब्द नव्हता, मीही विचारलं नाही.