वेबसाईटची लिंक दाबली की ॲपऐवजी ब्राउझर का उघडतो? आणि ॲपलने ॲप दोनदा नाकारलं, आता काय करावं?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यामुळे लिहायला बसलो. "सर्व्हर सांभाळणारे म्हणतात फाइल टाकलीय, ब्राउझरमध्ये दिसतेय, आता काय असेल ते ॲपमध्ये बघा." हेच वाक्य मी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सलग तीन आठवडे ऐकलंय, आणि तेही माझ्या स्वतःच्या भागीदाराच्या तोंडून.

तुमच्या तक्रारी दोन आहेत. संस्थेच्या वेबसाईटची लिंक व्हॉट्सॲपवर दाबली की आयफोनमध्ये ॲप न उघडता सफारी उघडते. आणि ॲपलने आपल्या नियमांतलं एकदा २.१ (ॲप अपूर्ण आहे) आणि एकदा ४.२ (ॲपमध्ये पुरेसं काही नाही) हे कलम दाखवून ॲप परत पाठवलं. तुम्ही या दोन्ही वेगवेगळ्या अडचणी धरून चालला आहात. आम्हीही तसंच धरून चाललो होतो आणि तिथेच तीन आठवडे गेले.

नाशिकला आम्ही दोघं मिळून काम करायचो. ॲप माझ्याकडे, वेबसाईट आणि सर्व्हर त्याच्याकडे. निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाचं काम मिळालं. त्यांची वेबसाईट आधीपासून होती आणि गटाचे सल्लागार त्यावर रोजचा फवारणीचा सल्ला टाकायचे. ॲपमध्ये आम्ही असं केलं की शेतकऱ्याने आपल्या प्लॉटची छाटणीची तारीख एकदा भरायची, पुढे ॲपच सांगणार की आज छाटणीनंतरचा ३८वा दिवस आहे आणि आजच्या सल्ल्यातलं हे एवढं तुमच्यासाठी. सल्लागार सकाळी व्हॉट्सॲपवर लिंक टाकणार, शेतकरी ती दाबणार, ॲपमध्ये त्याच्याच प्लॉटचं पान उघडणार. सगळ्या कामाचा जीव त्या एका लिंकमध्ये होता.

लिंक कुठे उघडते याने एवढा काय फरक पडतो, असं कोणाला वाटेल. बागेत उभं राहून बघा. ब्राउझर उघडला की तो लॉगिन मागतो, मोबाईल नंबर मागतो, मग ओटीपी. वेलींच्या मांडवाखाली रेंजची एक काडी येते आणि जाते. रात्री पाऊस झालेला, पानं ओली, डावणी रोगाची भीती. टाकीत काय टाकायचं ते उन्हं वर यायच्या आत ठरवायचं असतं. एके दिवशी सकाळी साडेसहाला एका काकांचा फोन आला. मागे ट्रॅक्टर चालू, ब्लोअर जोडलेला. "दादा, लिंक दाबली की हे परत नंबरच मागतंय. पोरगं म्हणतंय ॲप टाकलंय तर ॲप का उघडत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो फोन मी अजून विसरलेलो नाही.

आयफोनवर हे काम 'अॅपल-ॲप-साइट-असोसिएशन' नावाच्या फाइलवर चालतं, वेबसाईटच्या कोणत्या लिंक कोणत्या ॲपमध्ये उघडायच्या ते ती सांगते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती 'डॉट वेल-नोन' फोल्डरमध्ये हवी, एचटीटीपीएसवर हवी, नावापुढे डॉट जेसन नको, मध्ये कुठे रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर वळवणं) नको. आमची फाइल या सगळ्यात बसत होती. भागीदार मला दर दोन दिवसांनी तिचा स्क्रीनशॉट पाठवायचा. "ही बघ, दिसतेय." मीही उघडून बघायचो, दिसायची. मग मी परत माझा कोड उघडून बसायचो. असोसिएटेड डोमेन्समध्ये, म्हणजे ॲपशी जोडलेल्या वेबसाईटच्या यादीत, 'ॲपलिंक्स' लिहिलंय का, टीम आयडी बरोबर आहे का, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं अशी दोन्ही डोमेन वेगवेगळी लिहिली आहेत का. सगळं बरोबर होतं. दहा वेळा तपासलं, दहाही वेळा बरोबर होतं.

याच काळात ॲपलकडून नकार आला, कलम २.१, ॲप अपूर्ण आहे म्हणून. सोबत त्यांनी स्क्रीनशॉट जोडला होता. पांढरं पान आणि मधोमध फिरणारं चाक. आमच्या फोनवर ॲप सुरळीत चालत होतं, त्यामुळे आम्ही ठरवून टाकलं की ॲपलवाले मनाला येईल तसं नाकारतात. तसंच ॲप पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच पांढरं पान.

गाठ सुटली ती माझ्या मावसभावामुळे. तो न्यू जर्सीत असतो. रविवारी रात्री घरच्या गप्पा चालल्या होत्या, त्यात सहज त्याला म्हटलं, एक पत्ता पाठवतो, तिकडून उघडून बघ. त्याने फोटो पाठवला. ४०३, प्रवेश नाही. मी तसाच भागीदाराच्या घरी गेलो आणि म्हटलं, लॉग उघड. त्याने उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद. १७ ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्यांची रांग लागली होती, नावापुढे एएएसए-बॉट (ती फाइल आणणारा ॲपलचा प्रोग्राम), आणि प्रत्येक ओळीत ४०३. १७ ने सुरू होणारा तो सगळा गट ॲपलचा आहे. खाली त्याच गटातून आमच्या एपीआयला (सर्व्हरच्या ज्या भागातून ॲप माहिती घेतं त्याला) आलेल्या विनंत्या होत्या, त्यांनाही ४०३. वेळा बघितल्या तर ॲप तपासलं गेलं तेव्हाच्या. म्हणजे ते पांढरं पान आणि ती सफारी, दोन्हींचं मूळ एकच होतं.

झालं असं होतं की त्या वर्षीच उन्हाळ्यात वेबसाईटवर परदेशातून लॉगिनचे खोटे प्रयत्न सुरू झाले होते. तेव्हा भागीदाराने फायरवॉलमध्ये, म्हणजे नको त्या विनंत्या अडवणाऱ्या भिंतीत, भारताबाहेरचं सगळं बंद केलं. त्या वेळी ते योग्यच होतं, मीही हो म्हटलं होतं. पण २०२० मध्ये आयओएस १४ आलं तेव्हापासून ही फाइल आपला फोन थेट आपल्या सर्व्हरवरून घेत नाही. आधी ॲपलचं सीडीएन, म्हणजे फाइल साठवून पुढे देणारं मधलं जाळं, ती आणतं आणि फोनला तिथून मिळते. ॲपलला दाराबाहेर ठेवलं तर निफाडच्या फोनला फाइल मिळणार कुठून? नाशिकमध्ये बसून ब्राउझरमध्ये बघितली तर ती दिसणारच, आपण दाराच्या आत आहोत.

फायरवॉलमध्ये एक अपवाद घातला, दहा मिनिटांचं काम. सीडीएनला फाइल उचलायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, शिवाय आधीच ॲप असलेला फोन साधारण आठवड्याने एकदाच नव्याने तपासतो. म्हणून चाचणीसाठी ॲप टाकलेल्या सगळ्यांना ते काढून पुन्हा टाकायला सांगितलं. मंगळवारी सकाळी लिंक दाबली आणि ॲप उघडलं.

तुमच्या सर्व्हरवाल्यांना हे असं सांगा. ॲपलच्या सीडीएनला काय मिळालंय ते कोणालाही बघता येतं. 'ॲप-साइट-असोसिएशन डॉट सीडीएन-ॲपल डॉट कॉम', पुढे तिरकी रेघ, इंग्रजी ए, तिरकी रेघ, व्ही आणि १, तिरकी रेघ, आणि मग तुमचं डोमेन. तिथे तुमची फाइल दिसली तरच फाइल आहे. तिथे नसेल तर त्यांच्या स्क्रीनशॉटला काही किंमत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर पहिल्याच दिवशी वाद मिटला असता.

वाद मिटला नाही. गटाने उशिराबद्दल शेवटचा हप्ता कापला. भागीदाराचं म्हणणं, लिंक ॲप उघडण्यासाठी होती, म्हणजे काम ॲपवाल्याचं, म्हणून कापलेली रक्कम माझ्या वाट्यातून. ती मी भरली. पण त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. हिशोब करून बघा. ॲपमध्ये दोन ओळी लिहायच्या आणि आलेला पत्ता वाचून योग्य पान उघडायचं. बाकी डोमेन, प्रमाणपत्र, रीडायरेक्ट, फायरवॉल, फाइलचा पत्ता, सगळं वेबसाईटवाल्याच्या हातात. त्यातलं काही बिघडलं तर ॲपवाल्याला ते दिसतसुद्धा नाही, लॉग त्याच्याकडे नसतो. ज्याच्या हातात लॉग, त्याच्यावर जबाबदारी. कामाच्या करारात हे पहिल्या दिवशी लिहून घ्या. आम्ही मित्र होतो म्हणून लिहिलं नाही. लॉग मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मला वाटायचं. पुढच्या मार्चमध्ये आम्ही वेगळे झालो.

आता मंजुरीचं. तुमचा २.१ चा नकार बहुतेक दोनपैकी एका कारणाने असेल. एक म्हणजे वर सांगितलेली फायरवॉल. दुसरं म्हणजे ओटीपी. फायरवॉल उघडल्यावर आम्हाला तिसरा नकार त्याचाच आला. ॲप तपासणाऱ्या माणसाकडे भारतीय सिमकार्ड नसतं, त्याला ओटीपी कसा मिळणार? एक ठरावीक नंबर आणि त्यासाठी कायम चालणारा ठरावीक ओटीपी सर्व्हरवर ठेवा, आणि रिव्ह्यूच्या टिपणीत लिहा. त्या खात्यात खरी वाटेल अशी माहिती भरा. आम्ही तीन प्लॉट, छाटणीच्या तारखा आणि मागच्या महिन्याच्या फवारण्या भरल्या होत्या. टिपणीत पहिल्या ओळीपासून लिहिलं की हा शेतकरी कोण, छाटणी म्हणजे काय, कुठे दाबलं की काय दिसेल. चौथा नकार खातं काढून टाकण्याची सोय नाही म्हणून आला. ३० जून २०२२ पासून, ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते काढताही आलं पाहिजे असा नियम आहे. एका दिवसात ते केलं आणि पाचव्या वेळी ॲप मंजूर झालं.

४.२ बद्दल स्पष्टच लिहितो. तुमचं ॲप म्हणजे वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये) गुंडाळलेली वेबसाईट असेल तर ॲपलचं बरोबर आहे. माझा भागीदारही आधी तेच म्हणत होता, "साईट आहेच, तीच आत दाखवू, आठवड्यात मोकळे." मी अडून बसलो. ब्राउझरमध्ये जे दिसतं तेच ॲपमध्ये दाखवायचं असेल तर शेतकऱ्याने फोनमधली जागा का अडवायची? आम्ही शेवटच्या सात दिवसांचे सल्ले रेंज नसताना वाचता येतील असे केले, फवारणीच्या दिवशी पहाटे आठवण येईल असं केलं, रोग पडलेल्या पानाचा फोटो थेट सल्लागाराकडे जाईल असं केलं. आम्हाला पाच नकार आले असते तरी त्यात ४.२ नसता, याची मला खात्री होती. तुमच्या संस्थेचं काम काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तुम्ही नेमकं काय घालावं हे मी सांगू शकत नाही. तुमची माणसं वेबसाईट कुठे उभं राहून वापरतात आणि तिथे त्यांचं काय अडतं, हे जाऊन बघा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अँड्रॉइडवर लिंक उघडत नव्हती त्यात चूक माझी होती. तिथे हेच काम करणाऱ्या असेटलिंक्सच्या फाइलमध्ये मी माझ्याकडच्या अपलोड कीचा (ॲप स्टोअरवर चढवताना सही करायच्या किल्लीचा) एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडा, दिला होता. पण प्ले स्टोअरवरून जाणाऱ्या ॲपवर सही गुगलकडच्या कीची होते, ठसा तो द्यायचा असतो. प्ले कन्सोलमध्ये ॲप साइनिंगच्या पानावर तो तयार मिळतो. जुन्या फोनमध्ये पडताळणी नसली तरी 'कशात उघडू' असं विचारलं जायचं, म्हणून कोणी तक्रार केली नाही. अँड्रॉइड १२ पासून न विचारता थेट ब्राउझर उघडतो. ज्यांनी त्या दिवाळीत नवे फोन घेतले त्यांच्याच तक्रारी आल्या, आणि फोनच खराब निघाला असं समजून दोघं जण दुकानात परत गेले.

आणखी दोन गोष्टी. जुन्या उत्तरांत फायरबेस डायनॅमिक लिंक्स (अशा लिंकसाठीची गुगलची सेवा) वापरा असं सापडेल, तिकडे जाऊ नका, ती सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. आणि आयफोनवर तपासताना पत्ता सफारीत टाइप करू नका, तसं केलं तर सगळं बरोबर असूनही ॲप उघडत नाही. नोट्समध्ये लिंक चिकटवा आणि तिथून दाबा.

पण हे सगळं नंतर. आज सर्व्हरवाल्यांकडे फक्त एक मागा, मागच्या पंधरा दिवसांचा लॉग, त्यातल्या १७ ने सुरू होणाऱ्या आयपीच्या ओळी. ओळीत ४०३ असेल तर फायरवॉल उघडायला सांगा. २०० असेल, म्हणजे मागितलेलं मिळालं असेल, तर मग तुमचा कोड बघू. आणि एकही ओळ नसेल, तर विनंती त्यांच्या सर्व्हरपर्यंत पोचायच्या आधीच कोणीतरी अडवतंय. होस्टिंगवाल्यांना फोन करायला सांगा आणि तो फोन होईल तेव्हा तुम्ही शेजारी बसा.