वाचकांचे प्रश्न: दिवसाउजेडी घुबडाचा फोटो

प्रश्न: आरे कॉलनीत एका जुन्या उंबराच्या ढोलीत पिंगळ्यांची (छोट्या घुबडांची) जोडी आहे. थंडीत सकाळी ती ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसते. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची लेन्स आहे. फोटोत पक्षी काळपट येतो, पिसांवर हिरवट झाक दिसते आणि डोळे बहुतेक वेळा अर्धे मिटलेले असतात. काय चुकतं? डोळे एडिटिंगमध्ये उजळावेत का?
– वाचक, गोरेगाव (पूर्व)

उत्तर: आधी डोळ्यांचं बघू. डुलकी लागते तेव्हा पिंगळ्याची खालची पापणी वर चढते. म्हणजे तुमच्या फोटोतला पक्षी निवांत आहे आणि तुम्ही योग्य अंतरावर आहात. टाळी, शिट्टी, खोडावर खडा, मोबाइलवर आवाज लावणं यातलं काहीही करू नका. दहा-वीस मिनिटं थांबा. खार पळाली, कावळा ओरडला की तो आपणहून डोळे उघडतो. मात्र तुमच्याकडे टक लावून डोकं वरखाली करू लागला, तर तुम्ही जवळ गेलेले आहात. सावकाश मागे या.

जवळ जायची गरजही नाही. क्रॉप सेन्सरवर ५०० मिमीने १५ मीटरवरून आडव्या फ्रेममध्ये साधारण ४५ सेंटीमीटर उंची मावते. पिंगळा २१ सेंटीमीटरचा, म्हणजे जवळपास निम्मी उंची त्याचीच.

काळपट येण्याचं कारण मागचं आकाश. फांद्यांतून दिसणारा पांढरा उजेड मोजून कॅमेरा एकूण एक्स्पोजर खाली आणतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) +०.७ ते +१ ठेवा. त्याहून बरा उपाय म्हणजे दोन पावलं बाजूला सरकून पक्ष्यामागे खोड किंवा दाट पानं आणणं, मग कॉम्पेन्सेशन शून्याजवळ आणा. बसलेल्या पिंगळ्याला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू असताना १/३२० सेकंदाचा शटर पुरतो. तो मान झटकन फिरवतो म्हणून जमल्यास १/५०० ठेवा. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ६.३, ऑटो आयएसओची (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) मर्यादा ३२००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली).

फोकससाठी एकच छोटा पॉइंट घ्या. १५ मीटरवर ५०० मिमी आणि एफ ६.३ ला स्पष्टतेची खोली जेमतेम २०-२२ सेंटीमीटर असते. पक्षी ढोलीत आत सरकून बसला असेल, तर कॅमेरा सालीची उजेडातली कड पकडतो आणि चेहरा मऊ, म्हणजे अस्पष्ट येतो. डोळे शोधणारा ऑटोफोकसही मिटलेल्या डोळ्यांपाशी चुकतो. अशा वेळी पॉइंट दोन डोळ्यांच्या मधल्या पांढऱ्या भुवईवर ठेवा. तिथे कॉन्ट्रास्ट चांगला मिळतो.

हिरवट झाक पानांची. पानांतून गाळून आलेल्या उजेडात लाल आणि निळा भाग कमी उरतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सोय) अशा जागी दर फ्रेमला वेगळा रंग देतो, म्हणून तो ‘डेलाइट’वर ठेवा. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फक्त पक्ष्यावर मास्क घ्या (म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागतो) आणि टिंट +८ ते +१२ पर्यंत मॅजेंटाकडे न्या. पंखांवरचे ठिपके अगदी पांढरेशुभ्र करायला जाऊ नका. सावलीत ते थोडे हिरवट असतातच, आणि संपूर्ण फोटोचा टिंट ओढलात तर साल गुलाबी पडते.

पुढचा क्रम असा ठेवा: आधी डीनॉइज (दाणेदारपणा काढणं), मग हायलाइट्स (उजळ भाग) -३० ते -४० आणि शॅडोज (गडद भाग) +२५. शार्पनिंग सगळ्यात शेवटी: अमाउंट ५०, रेडियस ०.८. ‘मास्किंग’ची पट्टी सरकवताना आल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून धरा; पिसं पांढरी आणि मागची पानं काळी दिसू लागली की थांबा. क्लॅरिटीला (कडांचा उठाव वाढवणारी पट्टी) हात न लावलेला बरा, डोक्यावरचे बारीक ठिपके खडबडीत होतात.

डोळ्यांवर एक्स्पोजर +०.३ पुरे. पिवळ्या बुबुळाचं सॅच्युरेशन वाढवलंत तर त्यातले बारीक पोत जाऊन नुसती पिवळी चकती उरते. मिटलेला डोळा उघडा करणं किंवा बाहुली बदलणं हे एडिटिंग नव्हे, ती खोटी नोंद होते.

एक कळकळीची विनंती. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जोडी ढोलीत भक्ष्य नेताना दिसली, तर कॅमेरा बॅगेत ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं.

प्रश्न: फोटो टाकताना जागा लिहावी का?
– वाचक, ठाणे

उत्तर: ‘मुंबई’ एवढंच लिहा. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडं पकडली जातात आणि ढोलीतला पक्षी रोज त्याच जागी सापडतो. एक्स्पोर्ट करताना लोकेशनची माहिती काढून टाका. पुढे कंपाउंड, पाटी किंवा विजेचा खांब दिसत असेल तर तेवढं कापा.

प्रश्न: आमच्या चाळीच्या कठड्यावर दुपारी गव्हाणी घुबड येऊन बसलं, भोवती कावळ्यांचा कालवा. फोटो घ्यावा का?
– वाचक, भायखळा

उत्तर: आधी गर्दी आणि मांजरं दूर करा. धडधाकट पक्षी तिन्हीसांजेला आपणहून उडून जातो. पंख लोंबत असेल, तो जमिनीवर बसला असेल किंवा अंधार पडूनही हलत नसेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर बळजबरीने पाणी किंवा खाणं देऊ नका.

कावळे पांगले आणि पक्षी शांत असला, तर खोलीतला दिवा बंद करून खिडकीच्या आतून दोन-चार फ्रेम घ्या, फ्लॅश न वापरता. इथे हिशेब पिंगळ्याच्या उलटा: बदामी आकाराचा पांढरा चेहरा उन्हात फोटोत जळतो (तपशील जाऊन नुसता पांढरा पडतो), म्हणून कॉम्पेन्सेशन -०.७. याचे डोळे पूर्ण काळेच असतात. शॅडोज वाढवून त्यात बुबुळ शोधू नका, काळेपणा राखाडी होतो. डोळ्यात आकाशाचा एक ठिपका चमकला की फ्रेम ठेवण्याजोगी.