जुन्या औषधी बाटल्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुंबईच्या चोर बाजारातून औषधांच्या दुकानातली जुनी काचेची बाटली घेतली. सोनेरी पट्टीवर रोमन लिपीत ‘टिंक्ट. ओपिआय’ लिहिलंय. काचेचं बूच हलत नाही, आतून पांढुरकी झाक आहे. स्वच्छ कशी करावी?

उत्तर : नाव अफूच्या अर्काचं आहे, त्यामुळे आधी बाटली उजेडात धरून आत काही उरलंय का बघा. बुचाभोवती पिवळे स्फटिक दिसले तर हातही लावू नका, अग्निशमन दलाला कळवा. ते पूर्वी भाजल्यावर लावत ते पिक्रिक ॲसिड असू शकतं आणि वाळलं की घर्षणानेही त्याचा स्फोट होऊ शकतो.

बाटली रिकामी असेल तर बुचाच्या सांध्यावर ग्लिसरीनचे २-३ थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं फक्त मानेभोवती मिनिटभर गुंडाळा, म्हणजे मान बुचाच्या आधी प्रसरण पावते. मग लाकडी चमच्याने दोन्ही बाजूंनी आलटून पालटून हलकेच ठोका आणि बूच फिरवा. ओढू नका, पक्कड तर नकोच. उकळतं पाणी वापरलं तर काच तडकते. बूच त्याच बाटलीसाठी घासून बसवलेलं असतं, दुसऱ्याचं नीट बसत नाही. दोघांवर सारखा आकडा कोरलेला असेल तर ती मूळ जोडी.

झाकेसाठी व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात आत भरून रात्रभर ठेवा, सकाळी मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून घुसळा. वाळू नको, ओरखडे पडतात. ओली असताना झाक नाहीशी होऊन वाळल्यावर परत येत असेल, तर काचच झिजली आहे. ती तशीच राहू द्या.

बाटली पाण्यात बुडवू मात्र नका. सोनेरी अक्षरं पट्टीच्या काचेमागे रंगवलेली असतात. कडेतून पाणी शिरलं की ती सुटतात आणि बाटलीची शान गेलीच म्हणून समजा.

प्रश्न : उभ्या धारांच्या निळ्या बाटलीत मसाले ठेवले तर चालतील?

उत्तर : नाही. अंधारातही हाताला विषाची बाटली कळावी म्हणून ब्रिटनमध्ये अशा धारा देत. काचेच्या खरखरीत भागात जुना अंश राहतो, कितीही धुतलं तरी. सुकी फुलं ठेवा.

प्रश्न : केमिस्टच्या खिडकीतल्यासारखा रंगीत पाण्याचा काचेचा गोल खिडकीत ठेवू का?

उत्तर : थेट ऊन येणाऱ्या खिडकीत नको. पाण्याने भरलेला गोल भिंगाचं काम करतो, पडदा पेटू शकतो. आतल्या भिंतीजवळच्या कपाटावर ठेवून मागे छोटा दिवा लावा.