मध्ययुगात ब्रिटनमधले ख्रिस्ती मठ खरंच कोळसा काढत होते का?

हो, काढत होते, आणि स्कॉटलंडमध्ये त्याचा लेखी पुरावाच आहे. एडिंबराच्या दक्षिणेला न्यूबॅटल इथे ११४० साली सिस्टर्शियन पंथाचा मठ उभा राहिला. विंचेस्टरचा अर्ल (उमराव) सेअर द क्विन्सी याने एडिंबराच्या पूर्वेला समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रेस्टनजवळच्या जमिनीत कोळसा आणि दगड काढण्याचा हक्क दानपत्राने या मठाला दिला. तो १२१९ मध्ये वारला, म्हणजे व्यवहार त्याआधीचा. दानपत्रातली हद्द वाचण्यासारखी आहे: एका ओढ्यापासून शेजारच्या इन्व्हरेस्क गावाच्या शिवेपर्यंत, शिवाय भरती-ओहोटीचा पट्टाही! इथे कोळशाचे थर थेट किनाऱ्यापर्यंत येतात, तेव्हा तो पट्टा सोडून कसं चालेल? याच किनाऱ्यावर समुद्राचं पाणी उकळून मीठ करत, त्यालाही भरपूर जळण लागे. फक्त एक लक्षात घ्या, मठाने कोळसा काढला म्हणजे दीक्षित साधू स्वतः कुदळ घेऊन उतरले असं नाही. सिस्टर्शियन मठांत अंगमेहनतीची कामं मुख्यतः सेवकबंधू (मठातच राहून कष्टाची कामं करणारे सदस्य) आणि मजूर करत. इतिहास लिहिताना खाणीचा हक्क कोणाचा आणि खणणारे हात कोणाचे, हे दोन्ही वेगळं ठेवा.