भाड्याच्या घरात गॅस आणि लाईट बिलासाठी महिन्याला किती पैसे बाजूला ठेवावेत?

तुम्ही विचारलंय, लग्नानंतर दोघंच कोल्हापुरात भाड्यानं राहायला आलोय, मालक वरच्या मजल्यावर राहतात, मीटर एकच आहे, बिल निम्मं-निम्मं ठरलंय, तर गॅस-लाईटला महिन्याला किती धरायचे. आकडा नंतर. आधी ते "निम्मं-निम्मं" मोडा. त्या एका शब्दापायी आमच्या घरात दोन वर्षं कुणी कुणाशी धड बोललं नाही.

आमचं घर मंगळवार पेठेत. खाली आम्ही, वर धाकटे दीर-जाऊ, मीटर सासऱ्यांच्या नावावर, जिन्याखाली. मी गिझर बसवला तेव्हापासून दर महिन्याला बिल हातात घेऊन दीर जिन्यात उभे. "वहिनी, तुमच्या गिझरनं घर खाल्लं बघा. आईचा बंब हाय की न्हाणीत, तांब्याचा, काय वाईट हाय?" बंब छानच आहे. पण पहाटे पाचला उठून तो पेटवायचा कुणी, हे कधी त्यांच्या बोलण्यात आलं नाही. पूर्वी गावाकडनं चिपाडं, शेंगांची टरफलं पोत्यानं यायची. आता जळण वजनावर विकत घ्यावं लागतं, आणि आमच्या बोळात धूर झाला की समोरच्या काकू खिडकी आपटतात. आमचे हे दोन्हीकडचं ऐकून पेपर वाचत बसायचे.

शेवटी डिसेंबरातल्या एका रात्री मी दीड वाजता बॅटरी घेऊन जिन्याखाली गेले. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, बघितलाय का? त्याच्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, किती वेळा लुकलुकला की एक युनिट. आमच्या मीटरवर 3200 होतं. आमच्या मजल्याचा मेन बंद केला. थंडीचे दिवस, वर पंखे बंद, सगळे झोपलेले. पायरीवर शाल गुंडाळून बसले आणि घड्याळ लावून दहा मिनिटं मोजत राहिले. 107 वेळा. तासभरानं पुन्हा मोजलं, 106. म्हणजे वर काहीतरी अखंड चालू होतं, तासाला 0.2 युनिट. दिवसाला 4.8, महिन्याला 144!

आणि माझा गिझर? दोन हजार वॅटचा, रोज मोजून अर्धा तास. दिवसाला एक युनिट, महिन्याला 30.

सकाळी वर गेले. जाऊबाईंना म्हटलं, तुमचा फ्रीज थांबतो कधी? त्या म्हणाल्या, "थांबतोय कशाला, रात्रंदिवस घुर्रऽऽ." दहाची नोट फ्रीजच्या दारात धरून दार लावलं. नोट आपोआप खाली आली. रबर पार गेलेलं. गार हवा बाहेर, मशीन बिचारं चोवीस तास राबतंय. दीर दात घासत उभे होते. म्हणाले, "नोट जुनी हाय, लिबलिबीत." मी शंभराची कोरी काढली. तीही पडली.

आता एक मीटर दोन चुली असलं की अजून काय होतं, ते ऐका. घरगुती दराचे टप्पे आहेत, पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 ते 300 चा दर त्याच्या जवळपास दुप्पट, 300 च्या वर आणखी चढा. दोन घरांची युनिटं एका मीटरवर पडली की स्वस्तातली 100 एकदाच मिळतात, पुढचं सगळं महाग. वर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे भांडणारे दोघेही जादा भरतात, कमी भरणारा कुणीच नसतो. मी हे सासऱ्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं, "घरात दोन मीटर म्हणजे वाटण्या." झाल्या की नाहीत वाटण्या? मीटर एक ठेवूनही झाल्याच.

तर मालकांना सरळ म्हणा, वेगळं मीटर घेऊन द्या. ते नाही म्हणाले तर निदान इलेक्ट्रिशियनकडून तुमच्या मजल्याला सबमीटर, म्हणजे फक्त तुमचा वापर मोजणारं वेगळं छोटं मीटर, बसवून घ्या, आणि दर एक तारखेला दोघांनी मिळून आकडा लिहायचा. मालकांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. आज वाटलेलं वाईट परवडतं. आणि वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं, म्हणजे वीज कंपनीकडे ठेवायच्या अनामतीचं, वेगळं बिल येतं, त्यातला निम्मा वाटा तुमच्याकडे मागितला तर देऊ नका. ती ठेव ज्याच्या नावावर मीटर, त्याची.

गॅसचं सोपं आहे. सिलिंडर लावला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा, संपला की दिवस मोजा. आम्हा तिघांना 14.2 किलोचा साधारण चाळीस दिवस जातो, रविवारी मटण असूनही. पांढऱ्या रश्श्याचं पाणी मी कुकरला काढते, उघड्या पातेल्यात तासन् तास रटरटत ठेवत नाही. यावरही सासूबाईंचं मत वेगळं होतं, असो. डिलिव्हरीवाल्याला काट्यावर वजन दाखवायला लावा. सिलिंडरवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्यात 14.2 मिळवून बघा. लाजू नका, काटा त्याच्याकडे त्यासाठीच असतो. भाव एकदम हलतो: ऑगस्ट 2023 ला 200 उतरले, मार्च 2024 ला 100, एप्रिल 2025 ला 50 चढले. म्हणून आजच्या भावावर शंभर जादा धरूनच पैसे बाजूच्या डब्यात टाका.

लाईटचं बजेट मे महिन्याच्या बिलावर काढा, सरासरीवर नाही. आपल्याकडं पावसाळ्यात पंखेसुद्धा बंद असतात, तेव्हा उरलेले पैसे डब्यात तसेच राहू द्या, मेमध्ये लागतात. दोघांना, एसी नसेल, फ्रीज बरा असेल, तर वेगळ्या मीटरवर 100 युनिटांच्या आसपास राहता येतं. रुपयांचा आकडा मी देत नाही, दर बदलत राहतात.

हां, वेगळ्या मीटरला स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दर महिन्याला भरायची ठरावीक रक्कम, वेगळा लागतो, तेव्हा मालकांचा वापर अगदीच किरकोळ असेल तर माझं गणित तुम्हाला लागू होणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्या वरच्या फ्रीजमध्ये दर शनिवारी रात्री आमचंही मटण असायचं. आमचा फ्रीज लहान.

दिरांनी पुढं नवा फ्रीज घेतला, मीटरही वेगळं झालं. गेल्या दिवाळीत वर गिझर बसला. पंचवीस लिटरचा. बंब माझ्याकडं आहे, त्यात तुळस लावलीय.