पहिली कालवड शेजाऱ्याला

प्रश्न : २०१८ साली आपल्या पंतप्रधानांनी आफ्रिकेतल्या रवांडाला दोनशे गाई दिल्या, हा विषय परवा संस्थेत दूध घालताना निघाला. जिथं आठ लाख माणसं मारली, तिथं गाईनं काय होणार? आणि तो देश लई पुढं गेलाय म्हणतात, खरं का सर?
— एक दूध उत्पादक, करवीर तालुका

उत्तर : तुमचं पत्र गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, हातात पेला धरून वाचलं. आधी एक दुरुस्ती. त्या गाई इथून गेल्या नाहीत, तिथंच विकत घेऊन दिल्या.

त्या देशात गाय म्हणजे नुसतं दूध नव्हे. ढोबळमानानं गुरं बाळगणारे तुत्सी आणि शेती करणारे हुतू. ही रेघ पूर्वी थोडीफार ओलांडता यायची. बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३० च्या दशकात ओळखपत्रावर जमात छापली आणि रेघ पक्की केली. १९९४ मध्ये कट्टर हुतूंनी नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून तुत्सी माणसं मारली. (शाळेच्या दाखल्यावरचा जातीचा रकाना भरताना मला हे हटकून आठवायचं.)

पैशाचं बोलायचं तर तिथली कॉफी म्हणजे आपला ऊस. १९८९ मध्ये जगात कॉफीचा भाव कोसळला आणि शेतकरी नागवला. भाव पडला म्हणून कत्तल झाली असं मी म्हणणार नाही. ती सत्ताधाऱ्यांनी ठरवून घडवली. पण रिकाम्या हातांची पोरं त्यांना आयती मिळाली. कत्तलीच्या त्या एका वर्षात देशाचं उत्पन्न जवळपास निम्म्यावर आलं. पळणाऱ्या सरकारनं तिजोरी नेली, परदेशी कर्ज मात्र नव्या सरकारच्या गळ्यात राहिलं.

मग तुरुंग भरले, लाखावर माणसं आत. कोर्टं पुरेनात, म्हणून गावोगावी गवतावर बसून पंचांनी निवाडे केले. 'गाचाचा' म्हणतात त्याला. २०१२ पर्यंत एकोणीस लाखांच्या आसपास खटले निकाली निघाले. शिक्षा भोगून मारेकरी परत त्याच गल्लीत राहायला आले.

आता तुमची गाय. २००६ पासून 'गिरिंका' योजनेत गरीब कुटुंबाला एक गाय मिळते. अट एकच : पहिली कालवड दुसऱ्या गरजू शेजाऱ्याला द्यायची. तो शेजारी कोण असेल, याचा विचार करा. पोरांना दूध, शेताला शेण हे आहेच; पण मला त्या कालवडीचं दावं सोडणारा हात दिसतो.

पुढं गेलाय का? रस्ते, दवाखाने, संसदेत निम्म्याहून जास्त बायका, हे सगळं खरं. पण २००० पासून राष्ट्राध्यक्ष एकच, पॉल कागामे, आणि २०२४ मध्ये मतं ९९ टक्के. आपल्या दूध संघात असा निकाल लागला तर मोजणी परत घ्या म्हणून पहिले तुम्हीच ओरडाल! विरोधात बोलणारे तुरुंगात गेलेत. शेजारच्या काँगोत रवांडाचं सैन्य बंडखोरांच्या पाठीशी असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी लेखी दिलंय.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, शेजाऱ्याशी बांधावरून सात वर्षं कोर्टात आहे. तुमची पहिली कालवड त्याच्या गोठ्यात बांधाल का, ते कळवा.